शिक्क्याबाहेरचे प्रेम : विज्ञान-चित्रकथांतील माणूस, यंत्रमानव आणि समलिंगी प्रणय

हुबेहूब माणसासारखा दिसणारा, पण जन्माला न येता घडवला गेलेला यंत्रमानव, ज्याला आता मराठीतही ‘अँड्रॉइड’ म्हणतात, तो अमेरिकी चित्रकथांच्या पानांवर १९३९ पासून वावरत आहे. कार्ल बर्गोस यांनी ‘मार्व्हल कॉमिक्स’च्या पहिल्याच अंकासाठी रेखाटलेला ‘ह्यूमन टॉर्च’ हा पेटता नायक प्रत्यक्षात प्रयोगशाळेत तयार झालेला अँड्रॉइड होता. त्याच्याहून ‘सायबोर्ग’ वेगळा, कारण सायबोर्ग मुळात माणूस असून त्याच्या शरीराचा काही भाग किंवा मेंदू सोडून सगळे शरीर यंत्राचे असते. या कृत्रिम माणसाने प्रेमात पडावे, लग्न करावे, रडावे, हे चित्रकथांच्या धंद्याने फार लवकर मान्य केले. दोन पुरुषांनी किंवा दोन स्त्रियांनी एकमेकांवर प्रेम करावे, हे मान्य करायला मात्र त्याला आणखी कित्येक दशके लागली. हे दोन प्रवाह ज्या कथांत एकत्र आले, म्हणजे जेथे माणूस आणि यंत्रमानव यांच्यातील प्रेम समलिंगी आहे, त्या कथा बहुतांशी मोठ्या प्रकाशनसंस्थांच्या बाहेर जन्मल्या. त्यामुळे त्यांचा इतिहास हा कल्पनाशक्तीइतकाच छपाई, वितरण आणि पानावरील मालकी यांचाही इतिहास आहे.

चित्रकथांना हा विषय साहित्याकडून वारसा म्हणून मिळाला, आणि त्या वारशाचा साचा ठरलेला होता. व्हिलिए द लिल-आदां या फ्रेंच लेखकाच्या १८८६ च्या कादंबरीत एडिसन हा संशोधक आपल्या मित्रासाठी एक कृत्रिम स्त्री घडवतो. आपल्याच हाताने कोरलेल्या मूर्तीवर जीव जडलेल्या पिग्मॅलियनच्या ग्रीक कथेचीच ही यांत्रिक आवृत्ती होय. घडवणारा पुरुष, घडलेली स्त्री, आणि तिने त्याच्या इच्छेप्रमाणे असणे, असा तो साचा. कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकाने, जे १९२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी प्राग येथे रंगभूमीवर आले, कृत्रिम माणसाला कामगाराचे आणि बंडखोराचे रूप दिले, तरी नाटकाच्या अखेरीस नव्या सृष्टीचा आरंभ करणारी जोडी एक पुरुष-रोबो आणि एक स्त्री-रोबो अशीच राहिली.

या साच्याला पहिला खोल तडा साहित्याने नव्हे, गणिताने दिला असे म्हणता येईल. ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये ‘माइंड’ या तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात यंत्राच्या विचारशक्तीवर जो निबंध लिहिला, त्यातील प्रसिद्ध खेळ यंत्रापासून सुरू होत नाही. एक पुरुष आणि एक स्त्री दृष्टिआड बसलेले असताना केवळ त्यांच्या लेखी उत्तरांवरून कोण कोणता हे ओळखायचे, असा तो मूळ खेळ आहे, आणि त्यातील पुरुषाच्या जागी यंत्र बसवले तर काय होईल, हा त्यापुढचा प्रश्न आहे. स्वतः समलिंगी असलेल्या ट्युरिंग यांच्यावर १९५२ मध्ये त्याच कारणावरून खटला चालला, तुरुंगाऐवजी त्यांना संप्रेरकांचे उपचार पत्करावे लागले आणि ७ जून १९५४ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्या काळच्या चित्रकथाकारांनी हा निबंध वाचला होता असा दावा करण्याचे कारण नाही. तरीही समाजात वावरताना आपण ‘तसेच’ आहोत असे क्षणोक्षणी भासवावे लागण्याचा अनुभव समलिंगी माणूस आणि माणसांत मिसळलेला यंत्रमानव या दोघांनाही समान आहे, ही गोष्ट ट्युरिंग यांच्या आयुष्यात आणि निबंधात एकत्र आलेली दिसते, आणि पुढच्या चित्रकथांनी तोच धागा उचलला.

त्याच १९५४ साली अमेरिकी चित्रकथांभोवती कुंपण उभे राहिले. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वेर्थम यांनी ‘सिडक्शन ऑफ दि इनोसंट’ या पुस्तकात चित्रकथांमुळे मुले बिघडतात असे प्रतिपादन करताना बॅटमन आणि रॉबिन यांच्या एकत्र राहण्यात समलिंगी आकांक्षेचे स्वप्न पाहिले, आणि वंडर वूमनवरही तशाच प्रकारचा आक्षेप घेतला. सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या; सरकारी बंधने येण्याआधीच प्रकाशकांनी आपली संघटना उभारून स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. तीत लैंगिक ‘विकृती’चा निर्देशच नव्हे, तर तिची पुसटशी सूचनादेखील वर्ज्य ठरवली गेली, आणि समलिंगी प्रेम त्या शब्दात गृहीत धरलेले होते. संहितेला कायद्याचे बळ नव्हते, पण मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातील तिचा शिक्का नसेल तर घाऊक वितरक अंक उचलत नसत, आणि वितरकाने न उचललेला अंक विक्रेत्यापर्यंत पोहोचतच नसे. या शिक्क्याने लेखकांच्या मनावर जो पहारा बसवला, तो कोणत्याही न्यायालयाच्या निकालापेक्षा परिणामकारक ठरला.

यंत्रमानव मात्र या कुंपणातून आत येऊ शकत होता, कारण तो माणूस नव्हता. ई.सी. कॉमिक्सच्या ‘वीयर्ड फँटसी’मध्ये १९५३ साली आलेल्या ‘जजमेंट डे’ या कथेत, जी अल फेल्डस्टीन यांनी लिहिली आणि जो ऑर्लँडो यांनी चितारली, पृथ्वीवरून आलेला निरीक्षक एका ग्रहावरील नारिंगी आणि निळ्या यंत्रमानवांमधील भेदभाव पाहतो व त्या ग्रहाला आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात प्रवेश नाकारतो. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो तेव्हा तो कृष्णवर्णीय असल्याचे वाचकाला कळते. ही कथा १९५६ मध्ये पुन्हा छापताना संहितेच्या अधिकाऱ्याने नेमक्या त्या चेहऱ्यावर हरकत घेतली, आणि प्रकाशक विल्यम गेन्स यांनी ती धुडकावून कथा जशीच्या तशी छापली. रंगांच्या यंत्रमानवांबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती माणसाच्या चेहऱ्याबद्दल. जी गोष्ट माणसांविषयी बोलता येत नाही ती यंत्रांविषयी बोलावी, ही पुढे चित्रकथांची पक्की रीत झाली, आणि तिचे बळ जेवढे मोठे तेवढीच तिची किंमतही मोठी होती, कारण ज्यांच्याविषयी बोलायचे ते स्वतः पानावरून गायब राहत होते.

या रीतीचे सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे मार्व्हलचा ‘व्हिजन’. रॉय टॉमस आणि जॉन ब्यूसेमा यांनी १९६८ मध्ये ‘ॲव्हेंजर्स’च्या ५७ व्या अंकात आणलेला हा लाल चेहऱ्याचा कृत्रिम पुरुष पुढच्याच अंकात अश्रू ढाळतो, आणि त्याच्या मनाची घडण वंडर मॅन या मृत मानल्या गेलेल्या नायकाच्या मेंदूच्या नमुन्यावरून झाल्याचे तेथेच उघड होते. स्कार्लेट विच म्हणजेच वांडा हिच्याशी त्याचे प्रेम जुळते, तिचा भाऊ क्विकसिल्व्हर या संबंधाला कडाडून विरोध करतो, आणि १९७५ मध्ये ‘जायंट-साइझ ॲव्हेंजर्स’च्या चौथ्या अंकात त्यांचे लग्न लागते. पुढे ही जोडी न्यू जर्सीतील लिओनिया या उपनगरात घर करते तेव्हा शेजाऱ्यांचा द्वेष त्यांच्या वाट्याला येतो. घरच्यांनी तोंड फिरवणे, हे प्रेम खरे नव्हेच असे बाहेरच्यांनी सांगणे, ‘त्यांना मुले कशी होणार’ हा प्रश्न, या सगळ्यात समलिंगी वाचकाला आपले आयुष्य दिसले तर त्यात नवल नाही. पण हे प्रेम छापले जाऊ शकले ते केवळ एक जण दिसायला पुरुष आणि दुसरी स्त्री होती म्हणून. शिक्क्याने यंत्राला माणूस मानण्याची मुभा दिली होती. पुरुषाला पुरुषावर प्रेम करण्याची दिली नव्हती.

कुंपण हळूहळू आणि वेगवेगळ्या बाजूंनी मोडत गेले. केवळ चित्रकथा विकणाऱ्या खास दुकानांची साखळी उभी राहिल्यावर शिक्क्याविना अंक विकता येऊ लागले. डीसीची ‘कॅमलॉट ३०००’ ही १९८२ ते १९८५ मधील मालिका अशा दुकानांसाठीच निघाली, आणि भविष्यात स्त्रीदेहात पुनर्जन्मलेल्या ट्रिस्टनचे इसोल्डवरचे प्रेम तीत उघडपणे आले. संहितेतील समलिंगी पात्रांवरची बंदी १९८९ च्या दुरुस्तीत उठली. मार्व्हलच्या नॉर्थस्टारने, ज्याला त्याचा निर्माता जॉन बर्न याने पहिल्यापासून समलिंगी कल्पिले होते पण तसे म्हणता आले नव्हते, १९९२ मध्ये ते उच्चारले. वॉरन एलिस आणि ब्रायन हिच यांच्या ‘द ऑथॉरिटी’मधील अपोलो आणि मिडनाइटर ही जोडी या विषयाच्या आणखी जवळ येते, कारण मिडनाइटरच्या देहात फेरफार करून त्याच्या मेंदूत लढाईचा संगणक बसवलेला आहे, ते दोघे यंत्रमानव नव्हेत, पण घडवलेल्या देहांचे पुरुष आहेत आणि एकमेकांचे आहेत.

जपानमध्ये ही कथा निराळ्या वाटेने गेली. तेथील चित्रकथांना, म्हणजे मांगांना, अमेरिकी संहितेसारखा शिक्का नव्हता, आणि कृत्रिम देहाच्या लिंगाशी खेळण्याची परंपरा तेथे युद्धानंतरच्या पहिल्याच वर्षांत सुरू झाली होती. ओसामू तेझुका यांच्या १९४९ च्या ‘मेट्रोपोलिस’मधील मिची हे कृत्रिम मूल घशातील एका कळीने मुलाचे मुलगी आणि मुलीचे मुलगा होऊ शकते. तेझुका यांचाच १९५२ पासूनचा ‘ॲटम’ हा यंत्रबालक एका शास्त्रज्ञाने आपल्या मृत मुलाच्या प्रतिमेत घडवलेला आहे, आणि तो कधीच वाढत नाही म्हणून बापच त्याला नाकारतो. घडवलेल्या जिवाचे न वाढणे आणि त्यामुळे त्याने प्रेमाला अपात्र ठरणे, ही व्यथा जपानी मांगांत खोल रुजली.

दोन दशकांनंतर तरुण लेखिकांच्या एका पिढीने मुलींच्या मासिकांतून मुला-मुलांमधील प्रेमाच्या कथा लिहायला घेतल्या. केइको ताकेमिया यांची १९७० ची एक लघुकथा या प्रकाराचा आरंभ मानली जाते. मोतो हागिओ यांचे ‘थॉमसचे हृदय’ १९७४ मध्ये आले, आणि १९७८ मध्ये ‘जुने’ हे या कथांना वाहिलेले मासिक सुरू झाले. याच लेखिका विज्ञानकथाही लिहीत होत्या, हे महत्त्वाचे आहे. हागिओ यांच्या ‘ते अकरा होते’ या १९७५ च्या अंतराळकथेत फ्रोल या पात्राचे लिंग अजून ठरायचे आहे. ‘जुने’च्या कादंबऱ्या छापणाऱ्या भगिनी-मासिकात रिएको योशिहारा यांची ‘आई नो कुसाबी’ ही कादंबरी १९८० च्या दशकात क्रमशः आली. ज्युपिटर नावाच्या महासंगणकाने निर्माण केलेल्या अभिजनांपैकी एक आणि झोपडपट्टीतला एक तरुण यांच्यातील अत्यंत विषम नात्याची ती कथा आहे. ती मांगा नव्हे, पण यंत्राने घडवलेला पुरुष आणि जन्मलेला पुरुष यांच्यातील प्रेम पुढच्या चित्रकथाकारांना सुचण्यासारखी भूमी तिने तयार केली.

शुंगिकु नाकामुरा यांची २००० च्या दशकाच्या पूर्वार्धातील ‘हायब्रिड चाइल्ड’ ही एकखंडी मांगा या परंपरेतील सर्वांत थेट कृती होय. जुन्या जपानचा भास करणाऱ्या पार्श्वभूमीवर कुरोदा हा कारागीर अशा बाहुल्या बनवतो ज्या पूर्णपणे यंत्रही नाहीत आणि निव्वळ बाहुल्याही नाहीत. मालक जितके प्रेम देईल तितकी अशी बाहुली वाढते. तेझुका यांच्या ॲटमला जे नाकारले गेले, ते वाढणे, येथे प्रेमाचेच माप झाले आहे. तीन पुरुष-जोड्यांच्या या कथांवर २०१४ मध्ये ॲनिमेशन चित्रफितीही निघाल्या. कथा हृदयस्पर्शी आहेत, आणि तरीही त्यांतला एक काटा दुर्लक्षित करता येत नाही. ज्याला घडवले, विकले, वाढवले, त्याच्या होकाराला स्वतंत्र अर्थ किती, हा प्रश्न पिग्मॅलियनपासून चालत आलेला आहे, आणि दोघे पुरुष झाल्याने तो आपोआप सुटत नाही. जपानमध्येच १९९२ मध्ये एका समलिंगी कार्यकर्त्याने एका छोट्या स्त्रीवादी पत्रिकेतून या प्रकारातील एकूण कथांवर टीका केली होती की त्यांतील पुरुषांचा खऱ्या समलिंगी पुरुषांच्या जगण्याशी संबंध नाही. लेखिकांनी त्याला उत्तरे दिली आणि तो वाद बरीच वर्षे चालला. मालकाच्या प्रेमावर वाढणारी बाहुली या वादाच्या नेमकी मध्यभागी उभी राहते, कारण ती वाचकाच्या इच्छेइतकीच मोठी होते.

जपानी मोकळीक अमेरिकेत पोहोचताना तिला कात्री लागत असे. मासामुने शिरो यांच्या १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘घोस्ट इन द शेल’मध्ये मेंदू सोडून सर्वांगाने यंत्र असलेली कुसानागी आणि तिच्या मैत्रिणी यांच्यातील शृंगाराची जी पाने होती, ती पहिल्या अमेरिकी पुस्तकात वगळली गेली आणि नंतरच्या आवृत्तीत परत आली. शिक्क्याचा अंमल संपत आला असतानाही शिक्क्याची सवय टिकून होती. शेवटच्या प्रकाशकांनी २०११ मध्ये संहितेचा त्याग केला, पण पहाऱ्याची जागा रिकामी राहिली नाही. ब्रायन के. व्हॉन आणि फिओना स्टेपल्स यांच्या ‘सागा’ या मालिकेत डोक्याच्या जागी दूरचित्रवाणीचा पडदा असलेला एक रोबो-राजपुत्र आहे, आणि मनात येईल ते त्या पडद्यावर उमटते. बाराव्या अंकात तो जखमी झालेला असताना त्याच्या पडद्यावर टपाल तिकिटाएवढी दोन समलिंगी संभोगचित्रे झळकली. एप्रिल २०१३ मध्ये हा अंक आयफोन आणि आयपॅडवरील दुकानात आला नाही. आधी दोष ॲपलला दिला गेला, मग डिजिटल चित्रकथा विकणाऱ्या कॉमिक्सॉलॉजी या कंपनीने खुलासा केला की ॲपलच्या नियमांचा अर्थ स्वतःच लावून तो आपण रोखला होता, आणि अंक उपलब्ध झाला. वितरक उचलणार नाही या धास्तीने प्रकाशकाने आधीच हात आखडता घ्यावा, हा १९५४ चाच व्यवहार येथे नव्या यंत्रणेत पुन्हा घडला. याच मालिकेत नग्नता आणि हिंसा यापूर्वीही भरपूर होती. अडले ते यंत्राच्या चेहऱ्यावरील दोन पुरुषांपाशी.

ज्या कृतीत हा विषय खऱ्या अर्थाने प्रौढ झाला ती याच काळात, कोणत्याही वितरकावाचून, इंटरनेटवर पानापानाने प्रसिद्ध होत होती. ब्लू डेलिक्वांटी यांची ‘ओ ह्यूमन स्टार’ ही चित्रकथा २०१२ मध्ये सुरू झाली, आठ वर्षांनी पूर्ण झाली आणि तीन खंडांत छापली गेली. यंत्रमानवांच्या युगाचा पाया घालणारा संशोधक अलॅस्टर स्टर्लिंग मृत्यूनंतर सोळा वर्षांनी मिनिआपोलिसमध्ये जागा होतो, तो स्वतःच्याच चेहऱ्याच्या यांत्रिक देहात. तो देह कोणी घडवला हे त्याला ठाऊक नाही. तो आपला एकेकाळचा सहकारी आणि प्रियकर ब्रेंडन पिन्स्की याच्या दारात जातो, तर तेथे त्याला सुला ही किशोरवयीन यंत्रकन्या भेटते, जिला ब्रेंडनने अलॅस्टरच्याच मनाच्या प्रतीवरून घडवले होते आणि जिने नंतर मुलगी म्हणून जगण्याचे ठरवले. कथा वर्तमान आणि भूतकाळ यांच्यात आलटून पालटून चालते, आणि भूतकाळातला अलॅस्टर जिवंत असताना आपले प्रेम उघड करायला कचरणारा, स्वतःच्या कातडीत अवघडलेला पुरुष आहे.

या रचनेने पिग्मॅलियनचा साचा आतून उलटवला. येथे घडवणाराच घडलेला होऊन परत येतो, आणि ज्याने शोकाच्या भरात प्रियकराची प्रत बनवली त्या ब्रेंडनला शिकावे लागते की प्रत ही प्रियकर नसते; ती स्वतंत्र व्यक्ती असते, इतकी स्वतंत्र की ती त्याची मुलगी होते. व्हिजनच्या बाबतीत मृताच्या मेंदूचा नमुना हा कथानकातला एक धक्का होता. डेलिक्वांटी यांनी त्याच कल्पनेतून देह, लिंग आणि स्मृती यांच्यातील संबंधांचा शांतपणे, घरगुती पातळीवर विचार केला आहे. नवा देह मिळाल्यावर अलॅस्टरला तोच पूर्वीचा संकोच पुन्हा जगायचा आहे की नाही, हा प्रश्न समलिंगी आयुष्याविषयी आहे आणि यंत्राविषयीही आहे, आणि एकाच्या आडून दुसरे सांगण्याची गरज येथे उरलेली नाही. साठ वर्षांत रूपकाने जे झाकून ठेवले होते ते या कृतीत रूपकाशेजारी येऊन बसले, आणि म्हणूनच या इतिहासात तिचे स्थान बहुधा सर्वांत वरचे आहे.

स्त्रियांच्या बाजूने असेच काम जेफ जाक यांच्या ‘क्वेश्चनेबल कंटेंट’ या, २००३ पासून इंटरनेटवर चाललेल्या दैनंदिन चित्रमालिकेने केले, आणि तेही आधी न ठरवल्यासारखे, रोजच्या पट्टीतून सावकाश वळण घेत. लष्करी कामासाठी घडवलेली धिप्पाड बबल्स यंत्रांच्या चोरट्या कुस्त्या भरवणाऱ्या एका अड्ड्यावर अडकलेली आहे, कारण तिच्या स्मृती मालकिणीच्या ताब्यात ओलीस आहेत. लोखंड जोडणारी, दारूच्या व्यसनाशी झगडणारी फे तेथे कामाला लागते, पुढे दोघी बाहेर पडतात, यंत्रमानवांच्या दुरुस्तीचे स्वतःचे दुकान काढतात आणि कालांतराने एकमेकींच्या होतात. हा क्रम विचारपूर्वक पाहण्यासारखा आहे: आधी स्मृतींवरची दुसऱ्याची मालकी संपते, मग भागीदारी येते, आणि प्रेम त्यानंतर. ‘हायब्रिड चाइल्ड’ने जो काटा तसाच ठेवला होता तो येथे कथेनेच काढला आहे.

मोठ्या प्रकाशनांत ही वाट नंतर उघडली, तीही प्रथम यंत्रा-यंत्रांमध्ये. आयडीडब्ल्यूच्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ मालिकेत २०१२ पासून जेम्स रॉबर्ट्स यांनी क्रोमडोम आणि रिवाइंड या दोन रोबोंना जन्माचे जोडीदार म्हणून रंगवले, आणि खेळण्यांवरून निघालेल्या एका चित्रकथेत वियोगाचे इतके गंभीर चित्रण आले. टायटनच्या, २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लेड रनर’ चित्रकथांत पळालेल्या कृत्रिम माणसांची शिकार करणारी ॲश ही पोलीस अधिकारी पुढे फ्रेसा या कृत्रिम स्त्रीची प्रेयसी होते, आणि ज्यांना मारायचे त्यांनाच लपवू लागते. मार्व्हलमध्ये व्हिजन आणि वांडा यांची जुळी मुले १९८६ मध्ये कथेत जन्मली, काही वर्षांत ती खरी नव्हतीच असे ठरवून पुसली गेली, आणि ॲलन हाइनबर्ग व जिम च्यंग यांच्या २००५ च्या ‘यंग ॲव्हेंजर्स’मध्ये त्यांतला एक विकन या नावाने परतला, तो समलिंगी म्हणून. परग्रहवासी हल्कलिंगशी त्याचे लग्न २०२० मध्ये छापले गेले. लिओनियातील शेजाऱ्यांनी ज्या घराला नाके मुरडली होती, त्या घरातला हा मुलगा. त्याच्या लग्नाच्या अंकावर कोणाचा शिक्का लागत नव्हता.